आजीला उघडावं, नातवाला उघडू नये

वाचकाचं पत्र, ओळख लपवून, थोडक्यात:

मी अमेरिकेत राहते. मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई सहा महिन्यांसाठी भारतातून आल्या आहेत. गुडघे दुखतात, बोटांत संधिवात आहे. त्यांच्यासाठी मी ऑनलाइन लिडोकेनच्या, म्हणजे कातडी बधिर करणाऱ्या क्रीमच्या दोन ट्यूब मागवल्या. एक त्यांच्या उशाशी असायची, दुसरी मैत्रिणीला दिली. तिची मुलगी चार वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात विक्रेत्याकडून मेल आली की हे क्रीम परत मागवलं आहे, कारण त्याचं पॅकिंग लहान मुलांना उघडायला अवघड जाईल असं नाही. त्याच मेलमध्ये लिहिलंय की आजवर कुणाला इजा झाल्याची नोंद नाही. नवरा म्हणतो, "औषधात खोट नाही, नुसतं झाकणाचं आहे. आईला त्यानेच बरं वाटतं. वरच्या फळीवर ठेव आणि विषय संपव." सासूबाई म्हणतात, "आम्ही तीन पोरं वाढवली, बामाच्या बाटल्या घरभर असायच्या." दाबून फिरवायची झाकणं त्यांना उघडत नाहीत, म्हणून इथल्या गोळ्या त्यांनी पर्समधल्या डबीत काढून ठेवल्या आहेत. ट्यूब मी माझ्या मोज्यांच्या खणात लपवली आणि "सापडत नाही" असं खोटं सांगितलं. एक गोष्ट मात्र नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मेल येण्याच्या दोन आठवडे आधी मुलगा दुपारी आजीच्या पलंगावर बसून आपल्या डायनासोरच्या गुडघ्याला तेच क्रीम चोळत होता. झाकण उघडं, हनुवटीला पांढरं लागलेलं. मी पुसून टाकलं, त्याला काही झालं नाही. मी अति करतेय का?

*

डायनासोरपासूनच सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार.

तीन आठवडे झाले, मुलगा खातोय, खेळतोय, तेव्हा त्या दुपारचा धोका केव्हाच टळला. लिडोकेन पोटात गेलं तर त्रास काही मिनिटांत किंवा काही तासांत दिसतो, आठवड्यांनी नाही. तेवढं ओझं आजच उतरवून ठेवा. मात्र त्या दुपारी फोन करायला हवा होता. हे तुम्हाला बोल लावायला नाही, पुढच्या वेळेसाठी सांगते. १-८००-२२२-१२२२ हा अमेरिकेतला पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेबद्दल फोनवर सल्ला देणाऱ्या केंद्राचा नंबर. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पलीकडे नर्स, फार्मासिस्ट असतात आणि "हनुवटीला लागलंय, गिळलं की नाही ठाऊक नाही" हे वाक्य ते रोज ऐकतात. पुष्कळदा ते एवढंच म्हणतात की घरीच थांबा, अमुक वेळ लक्ष ठेवा, तमुक दिसलं तर निघा. मी अमेरिकेतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे बारा वर्षं उभी होते. आईवडिलांची सगळ्यात महागात पडणारी सवय कुठली असं विचाराल तर ती हीच: पुसून टाकायचं आणि काही होतंय का ते बघत बसायचं.

आता तुमचा प्रश्न. अति करताय का? नाही. पण ट्यूब मोज्यांत लपवणं हे जरा अर्धवट आहे. तिथे येईनच.

नवऱ्याच्या "नुसतं झाकणाचं आहे" या वाक्याशी मला थोडं थांबायचंय, कारण ते चुकीचं नाही. क्रीम भेसळीचं नाही, जुनं नाही, सासूबाईंच्या गुडघ्याला ते अपाय करत नव्हतं. फक्त या औषधात झाकण हा औषधाचाच भाग धरला जातो. तुमच्या ट्यूबवर किती टक्के लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत, पण चिठ्ठीशिवाय मिळणारी ही क्रीमं साधारण ४ टक्क्यांची असतात. म्हणजे एक ग्रॅम क्रीममध्ये ४० मिलिग्रॅम लिडोकेन. अमेरिकेचा नियम सांगतो की एका पॅकमध्ये ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लिडोकेन असेल तर मुलांना उघडायला अवघड असं पॅकिंग सक्तीचं. ५ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग. वाटाण्याहून लहान ठिपका. ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १२०० मिलिग्रॅम असतं. ५ मिलिग्रॅमला मूल दगावतं असा याचा अर्थ नव्हे, ती फक्त सावधगिरीची रेषा आहे. पण तुमची ट्यूब त्या रेषेच्या थोडीशी पुढे नाही, दोनशे चाळीस पट पुढे आहे.

"कातडीला लावायचं, खायचं थोडंच आहे" हा युक्तिवाद मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलाय की मोजणं सोडलं. अडीच वर्षांच्या मुलाला लावायचं आणि खायचं यातला फरक शिकवलेला नसतो. गिळलेलं लिडोकेन रक्तात उतरलं की मेंदूवर आणि हृदयावर काम करतं: गुंगी, आकडी, ठोक्यांची लय बिघडणं. शिवाय घसा बधिर होतो आणि पुढचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना २ टक्क्यांचं लिडोकेन लावायचा प्रघात होता. त्यातून मुलं दवाखान्यात पोचली, काही दगावली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो वापर थांबवा असा कडक इशारा दिला. तेही हिरड्यांना "लावायचंच" होतं.

"इजा झाल्याची नोंद नाही" ही ओळ वाचून बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. त्या ओळीचा अर्थ आधी नीट लावू. अशा परत मागवण्यांमध्ये बहुधा कुणाला इजा झालेलीच नसते. सीपीएससी, म्हणजे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा अमेरिकेतला सरकारी आयोग, पॅकिंग कायद्यात बसत नाही एवढ्याच कारणावरून कंपनीला माल परत घ्यायला लावतो. आधी एखादं मूल आजारी पडावं लागत नाही. ज्या मुलांमुळे हा कायदा झाला त्यांची गोष्ट फार जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी संत्र्याच्या चवीची ॲस्पिरिन मिळायची, साध्या बाटलीत. मुलं ती गोळ्या-बिस्किटांसारखी खायची. १९७० च्या डिसेंबरात पॉयझन प्रिव्हेन्शन पॅकेजिंग ॲक्ट, म्हणजे विषबाधा टाळणाऱ्या पॅकिंगचा कायदा झाला, १९७२ मध्ये ॲस्पिरिनला पहिल्यांदा असं झाकण सक्तीचं झालं, १९७३ पासून हे काम सीपीएससीकडे आलं. लोह, पॅरासिटामॉल (तिकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात), आयबुप्रोफेन अशी यादी वाढत गेली. लिडोकेन १९९५ मध्ये आलं. या झाकणांमुळे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पोटात घ्यायच्या औषधांनी दगावणारी सुमारे ४६० मुलं १९७४ ते १९९२ या काळात वाचली, असा अंदाज १९९६ मध्ये एका अभ्यासाने मांडला होता.

सासूबाईंची तीन मुलं सुखरूप वाढली हे खरं आहे आणि त्यांच्याशी यावर वाद घालू नका. ज्या घरात एखादं मूल गेलं त्या घरातली आजी "आम्ही पोरं अशीच वाढवली" असं म्हणत नाही, एवढंच आपण मनात ठेवायचं. त्यांना बोलून दाखवायचं नाही.

आता थोडं उलट बाजूने. तुम्हालाही एक चुकीचा भरवसा आहे असं मला पत्रावरून वाटलं: की योग्य झाकणाची ट्यूब आणली की प्रश्न मिटला. लोक ज्याला सर्रास "चाइल्डप्रूफ" म्हणतात त्याला कायदा चाइल्ड-रेझिस्टंट म्हणतो, आणि हा शब्द विचार करून निवडलेला आहे. या झाकणांची परीक्षा खऱ्या मुलांकडून घेतात. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं, जोडीजोडीने शेजारी बसवलेली. प्रत्येकाच्या हातात बाटली देऊन सांगायचं, "हे उघडून दे." पाच मिनिटं वाट बघायची. नाही उघडलं तर मोठ्या माणसाने एकदा त्यांच्यासमोर उघडून दाखवायचं, दातांनी उघडायचं असलं तरी चालेल असंही सांगायचं आणि आणखी पाच मिनिटं द्यायची. शेवटी शंभरातल्या ऐंशी मुलांना उघडता आलं नाही की झाकण पास.

म्हणजे वीस मुलांनी उघडलं तरी पास. दहा मिनिटांत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी जाऊन स्वतःचं कपाट बदललं होतं. झाकण मुलाला अडवत नाही, ते तुम्हाला फोन ठेवून खोलीत पोचायला थोडा वेळ देतं. तुमच्या परत मागवलेल्या ट्यूबने तेवढाही दिला नाही, तक्रार तेवढ्यापुरती आहे.

याच परीक्षेचा दुसरा पेपर फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि तुमच्या घराचा गुंता तिथे आहे. तेच पॅकिंग ५० ते ७० वर्षांच्या माणसांनाही देतात. आधी पाच मिनिटांत उघडायचं, मग पुन्हा एका मिनिटात उघडून नीट बंद करायचं. शंभरातल्या नव्वदांना जमलं पाहिजे. पूर्वी ही चाचणी तरुण मोठ्यांवर व्हायची. वयस्कांना झाकणं उघडेनात, मग ते ती उघडीच ठेवू लागले, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात नियम बदलला. कायद्याच्या डोळ्यासमोर नातू होता तशी आजीही होती. फक्त चाचणीला बसणाऱ्यांत हातापायांचा उघड त्रास असलेल्यांना घेत नाहीत. तुमच्या सासूबाई सत्तरीच्या आत असल्या तरी त्या बोटांमुळे बाहेरच राहिल्या असत्या. झाकण त्यांना उघडत नाही यात त्यांचा हट्ट नाही, वयाचं नाटक नाही.

आमच्या दुकानात एक आजोबा यायचे. एकदा त्यांनी गोळ्यांची नारिंगी बाटली काउंटरवर ठेवली, तिला झाकणच नव्हतं. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर भाजीच्या जुडीला असतो तसला निळा रबर बँड. झाकण त्यांनी एकदाच पक्कडीने काढलं होतं आणि पुन्हा लावायची हिंमत केली नव्हती. घरी नातवंडं येतात का विचारलं, तर म्हणाले, दर शनिवारी. मी त्यांना बरंच सुनवलं. आज त्याची लाज वाटते, कारण त्यांना उघडेल असं काहीच मी त्यांच्या हातात दिलं नव्हतं.

म्हणून तुमच्या घरात मी ट्यूबपेक्षा पर्समधल्या डबीला जास्त घाबरते. ट्यूबबद्दल निदान कुणीतरी मेल पाठवली. डबीबद्दल कुणी पाठवणार नाही. पॉयझन सेंटर्सना आलेल्या फोनांवरून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: लहान मुलांच्या हाती गोळ्या लागल्या त्यांतल्या जवळपास निम्म्या प्रसंगी त्या मोठ्या माणसांनी मूळ पॅकिंगमधून आधीच काढून ठेवलेल्या होत्या. आठवड्याच्या गोळ्यांची डबी, रुमालाची पुरचुंडी, पर्स. आजीआजोबांच्या गोळ्या त्यांत बऱ्याच होत्या. रक्तदाबाची, साखरेची एखादीच गोळी अडीच वर्षांच्या मुलाला पुरेशी ठरू शकते.

पर्याय बघू. वरची फळी वाईट नाही, पण दिवसातून तीनदा लागणारी वस्तू वरच्या फळीवर राहत नाही. पहिल्या दिवशी राहते. दुसऱ्या दिवशी ती उशाशी येते, कारण दुखणारे गुडघे घेऊन कुणी दर वेळी खुर्चीवर चढत नाही, आणि सासूबाईंनी चढूही नये. पडल्या तर वेगळंच संकट. लपवणं हा दुसरा पर्याय, जो तुम्ही निवडलात. त्यातून सासूबाई एक तर दुखणं सोसतील, नाही तर मुलाला सांगून नवी ट्यूब मागवतील. ती कुठल्या झाकणाची येईल ते तुम्हाला कळणारही नाही.

मला पटतो तो तिसरा. आकड्यांच्या कुलपाची औषधांची एक पेटी आणा, आकडे मोठे आणि बटणं दाबायची असलेली. चकती फिरवायची नको, बोटं दुखतील. आकडा सासूबाईंनाच ठरवू द्या. पेटी त्यांच्या कमरेच्या उंचीवर, त्यांच्याच खोलीत, कपाटात ठेवा, दिसणार नाही अशी. पेटी बंद असली की आतल्या बाटल्यांची झाकणं त्यांना सोयीची असली तरी चालतील. अमेरिकेत चिठ्ठीवरच्या औषधासाठी साधं झाकण मागायचा रुग्णाला हक्क आहे, फार्मसीत सांगितलं की देतात. काही बाटल्यांचं झाकण दोन्ही बाजूंनी बसतं: एका बाजूने दाबून फिरवायचं, उलटं केलं की साधं. घरातल्या बाटल्या एकदा बघा, कुणी आधीच उलटं लावून ठेवलंय का. अशी सूट मात्र पेटी आल्यानंतर, आधी नाही. भारतातून आणलेल्या स्ट्रिपाही पेटीतच. फॉइल फाडायला मुलांना वेळ लागत नाही.

गुडघ्यासाठी तेच औषध योग्य पॅकिंगमध्ये मिळतं. पट्टीच्या रूपातही मिळतं, पण वापरून काढलेल्या पट्टीतसुद्धा बरंचसं औषध शिल्लक असतं, हे सासूबाईंना नीट सांगा. चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा कचऱ्यात टाकायची. क्रीम लावल्यावर हात साबणाने धुवायचे, मगच नातवाला घ्यायचं. वरून गरम पाण्याची पिशवी नको. उष्णतेने औषध कातडीतून जास्त शोषलं जातं, म्हणजे तो नियम त्यांच्यासाठीच आहे.

त्यांच्या सामानात बाम आणि तेलाच्या बाटल्या असणारच. विंटरग्रीन तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट (हे ॲस्पिरिनच्याच जातीचं) ५ टक्क्यांहून जास्त असलेल्या द्रव औषधाला तिकडे असं झाकण सक्तीचं आहे, मलमाला नाही. तेव्हा झाकण साधं म्हणजे आतलं निरुपद्रवी, असा हिशेब लावू नका. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात, पाच मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त मोठ्या गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. देवघरातला कापूरही याच पेटीत जाऊ दे. मुलांनी कापूर खाऊन आकडी आल्याची उदाहरणं डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहेत, आणि दिसायला तो खडीसाखरेसारखा. सासूबाईंना हे पटेल, बहुधा आधीपासून ठाऊकही असेल.

हे सांगायचं कसं, हा तुमचा खरा अडलेला घास. आधी "सापडत नाही" हे खोटं मागे घ्या. त्यांना फार काही समजवू नका. दाबून फिरवायची एक बाटली हातात द्या, म्हणा, "आई, हे मला जरा उघडून दाखवता?" त्या प्रयत्न करतील, जमणार नाही. मग म्हणा, "तुम्हाला उघडेल आणि त्याला उघडणार नाही असं काहीतरी शोधायचंय, मला एकटीला सुचत नाहीये." हे खरंही आहे. तुमच्या वस्तूपासून माझ्या मुलाला धोका आहे, असं वाक्य ऐकून कुठलीही आजी आधी दुखावते, मग अडून बसते. तोच धोका ओळखायचं काम तिच्यावर सोपवलं की ती तुमच्यापेक्षा कडक पहारा देते. आमच्या घरात तरी असंच झालं. पेटी उघडी राहिली म्हणून माझ्या आईने मला जेवढं फैलावर घेतलं तेवढं शाळेतही कुणी घेतलं नव्हतं.

पॉयझन कंट्रोलचा नंबर त्यांच्या फोनमध्येही टाका, मराठीत नाव देऊन. दिवसभर मुलाजवळ त्याच असतात. तिथे दुभाष्याची सोय असते, त्यांनी "मराठी" एवढं म्हणून थांबायचं. ट्यूब किंवा बाटली हातात धरूनच फोन करायचा, टक्के आणि ग्रॅम विचारतात, मुलाचं वजनही विचारतात. मूल उठत नसेल, आकडी आली असेल, श्वासाला त्रास होत असेल तर आधी ९११. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. हे आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे तो पहिला उपाय असतो. मिठाच्या पाण्याने मूल वेगळंच आजारी पडतं. उलटीसाठी घराघरात ठेवलं जाणारं इपेकॅक सिरपसुद्धा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ पासून घरी ठेवू नका असं सांगितलंय.

ज्यांना तुमच्यासारखी मेल गोळ्यांबद्दल येते त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झाकणाच्या किंवा ब्लिस्टर पॅकच्या दोषावरून चिठ्ठीवरची औषधंही परत मागवली जातात. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या गोळ्या अशा परत मागवल्या होत्या. तेव्हा सूचना होती की औषध मुलांपासून सुरक्षित ठेवा, कंपनीशी बोला आणि घेणं चालू ठेवा. घाबरून गोळ्या फेकून दिल्या आणि रक्तदाब चढला तर झाकणाने नाही, आपणच घात केला. परत मागवलंय हा शब्द वाचून लगेच कचऱ्याचा डबा गाठायचा नाही. सूचनेत "काय करावं" हा भाग असतो, तो आधी वाचायचा. कुठे पूर्ण पैसे मिळतात, कुठे नवं झाकण किंवा कुलपाची पिशवी पाठवतात.

तुमच्या ट्यूबचंही तेच. बहुतेक ठिकाणी पैसे परत करायला ट्यूबचा फोटो मागतात, लॉट नंबर दिसेल असा. म्हणून आधी फोटो, मग कंपनीला कळवा आणि ती सांगेल तशी विल्हेवाट लावा. काही सांगितलं नाही तर फार्मसीतल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाका. तीही जवळ नसेल तर क्रीम कॉफीच्या चोथ्यात कालवून बंद पिशवीतून कचऱ्यात. गराज सेलमध्ये किंवा ऑनलाइन विकायला काढू नका, परत मागवलेली वस्तू विकणं तिकडे बेकायदेशीर आहे. हे तुम्हाला उद्देशून नाही, पण "नवीकोरी आहे, वाया कशाला घालवा" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत.

मैत्रिणीला आज कळवा, उद्या नाही. ती तुम्हाला काय म्हणेल याची काळजी तुमच्या पत्रात दिसते, पण तिची मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे बरोबर त्या परीक्षेच्या वयाची. मेल जशीच्या तशी पुढे पाठवा, वर एक ओळ: "मी दिलेली ट्यूब परत मागवली आहे. मुलीच्या हाताला लागणार नाही अशी आत्ता उचलून ठेव, बाकी रात्री बोलू."

नवऱ्याबद्दल दोन शब्द. तो केसांना काही लावतो का? विचारते, कारण केस उगवण्यासाठी डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलच्या बाटल्याही याच कारणावरून वरचेवर परत मागवल्या जातात. ते औषध मुळात रक्तदाबाचं. एका पॅकमध्ये १४ मिलिग्रॅमहून जास्त असेल तर असं झाकण सक्तीचं, आणि ५ टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्येच ५० असतं. गडबड बहुधा ड्रॉपरमुळे होते. झाकण काढून टाकायचं आणि ड्रॉपरच बाटलीवर कायमचा बसवून बेसिनवर ठेवायचा, ही पुरुषांची सवय. ड्रॉपर तसा ठेवायचा असेल तर तोही मुलांना न उघडणारा हवा. बाटली सापडली तर तीसुद्धा पेटीत. आकडा त्याने आपल्या आईला विचारावा.

आणि डायनासोरची गोष्ट त्याला सांगा. आज रात्री, मूल झोपल्यावर, ट्यूब टेबलावर ठेवून. तुम्ही दोघं गेला आठवडाभर झाकणावर वाद घालताय आणि त्याच्याकडे अर्धीच माहिती आहे. त्याने ती ऐकून पहिल्यांदा "मला तेव्हाच का नाही सांगितलंस" असं विचारलं, तर खरं उत्तर द्या. घाबरले होते म्हणून. सासूबाई जाग्या असतील तर त्यांनाही बसवा.